मेंढीच्या वासाची पुंगळी

१

सोमनाथ मळेकरच्या गळ्यात गोळी घुसली तेव्हा त्याच्या हातात वाघजाईला फोडायचा नारळ होता. गोळीनं गळा फाडला आणि ती मागच्या दगडी भिंतीवर आपटून चेपली. तिच्यावरून बंदूक ओळखणं आता कुणाच्या बापाला जमलं नसतं. रक्त देवळाच्या पायऱ्या उतरून दीपमाळेपर्यंत आलं होतं आणि त्यात कोंबड्यांची पावलं उमटली होती.

सहायक निरीक्षक नूतन शिळीमकर हिर्डोशीच्या वरच्या आळीत जीप थांबवून उतरली, पण मेलेल्याकडं बघायला तिला सवड मिळाली नाही. देवळासमोरच्या आंब्याला एक जिवंत माणूस बांधला होता आणि त्याला मारायचं काम जोरात चाललं होतं. त्याचा उजवा हात दगडावर धरून गेनू मळेकरनं पहारेच्या बुडानं ठेचला होता. बोटं कुठली आणि तळवा कुठला, हे कळत नव्हतं. गेनूनं पहार पुन्हा उचलली तशी नूतननं पिस्तूल काढून हवेत बार काढला.

"पहार खाली टाक. पुढची गोळी हवेत जाणार नाही."

गेनूनं पहार टाकली, पण तो मागं सरला नाही. मेलेला सोमनाथ त्याचा सख्खा थोरला भाऊ. त्याचं रक्त गेनूच्या सदऱ्यावर वाळून काळं पडलं होतं.

"मॅडम, तुमी ह्याला न्या न्हाईतर फासावर द्या. आमी भावाला अग्नी देतो आन् मग वरचा धनगरवाडा पेटवतो. बायका, पोरं, मेंढरं, एक बी सोडनार न्हाई."

गेनू उगाच दम देत नव्हता. वाड्याच्या कुत्र्याचं मुंडकं सकाळीच कोयत्यानं उडवून कुणीतरी वाटेवरच्या कुंपणाला लटकावलं होतं. भोरहून कुमक निघाली होती, पण खालच्या वळणावर गावानं जांभळीचं झाड आडवं पाडलं होतं. नूतनजवळ हवालदार बंडू खोपडे आणि दोन शिपाई होते. एवढ्या बळावर शंभर कोयते अडवायचे म्हणजे हसू येण्यासारखीच गोष्ट. चिता पेटून विझेपर्यंत खरं काय ते शोधायचं, नाहीतर वाडा जळताना बघायचं. तिसरं काही तिच्या हातात नव्हतं.

झाडाला बांधलेला रोहिदास ढेबे. वरच्या वाड्यातला मेंढपाळ. गेल्या सुगीत रानडुकरांच्या हाकाऱ्यात त्याची आई कोंडाबाई गोळी लागून मेली होती. गोळी सोमनाथच्या बंदुकीची, असं अख्खा गाव म्हणत होता, पण कागदावर कुणाचंच नाव आलं नाही. तेव्हा रोहिदासनं भर बाजारात सांगितलं होतं की सोमनाथला मी सोडणार नाही. आता सोमनाथ मेला होता आणि देवळासमोरच्या टेकाडावर, कातळावर, रोहिदासच्या रायफलमधून झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी सापडली होती.

"ही बगा." गेनूनं मुठीतली पितळी पुंगळी पुढं केली. "बुडाच्या टिकलीवर, सुई आपटती तिथं, अर्ध्या चंद्राची खूण. ह्याच्याच बंदुकीची सुई तशी झिजलीया. सावळाराम तात्यांनी भिंगातनं बघून सांगितलं. आन् वास घ्या! मेंढरांचा वास मारतीया. आनखी काय पायजे?"

नूतननं पुंगळी आपल्या हातात घेऊन वास घेतला. खरंच, मेंढीच्या अंगाचा तो ओशट, उग्र वास पितळेला चिकटला होता. इथं हात टेकायला हवे होते, पण तिचा स्वभाव आडमुठा. सगळं इतकं सरळ जुळलं की तिचं डोकं फिरत असे.

२

गावातल्या सगळ्या रायफली बंडूकरवी गोळा करून तिनं ग्रामपंचायतीच्या खोलीत कुलपात टाकल्या आणि रोहिदासला तिथंच आणलं. त्याची बायको रत्ना लुगड्याचा पदर फाडून त्याच्या हाताला गुंडाळत होती. फडकं गुंडाळलं की लाल व्हायचं, की ती दुसरं फाडायची. रडत नव्हती.

"तू मारलंस का?" नूतननं विचारलं.

"मारीन म्हनलं व्हतं," रोहिदास दात आवळून म्हणाला. "मारलं न्हाई. पहाटंपासनं मेंढरामागं व्हतो. कुनी बगितलं न्हाई. मेंढरं साक्ष द्यायची न्हाईत."

"मग तुझी पुंगळी कातळावर कशी?"

"त्येच कळंना. माज्या घरात एक बी रिकामी पुंगळी न्हाई. तात्याकडं सगळ्या दिल्यात, पुन्यांदा भरायला. भरलेली पाच-सहा हायेत, ती हवालदारांनी नेली."

सावळाराम तात्या म्हणजे फौजेच्या शस्त्रागारातून निवृत्त झालेला माणूस. झाडलेल्या पुंगळ्या पुन्हा भरायचा त्याला परवाना होता. स्वतःपुरता होता की गावापुरता, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"तात्यांकडं आमची लोकर बी जाती," रत्ना मान वर न करता म्हणाली. "धुतलेली नको म्हनत्यात. तेलकट, तशीच कातरलेली. आत्याबाई, ह्यांची आई, व्हत्या तवा त्याच न्हेऊन द्यायच्या. आता म्या देते."

"लोकर कशाला लागते त्यांना?"

"कुनाला ठावं? फौजेतलं मानूस. इचारायचं धाडस कोन करनार?"

एवढ्यात दार ढकलून धनाजी मळेकर चहाची किटली घेऊन आत आला. सोमनाथ-गेनूचा चुलत भाऊ, राज्य पातळीवरचा नेमबाज. अंगात पदकाच्या स्पर्धेचं जाकीट, वागणं लाघवी. सकाळपासून गेनूला आवरायचा प्रयत्न करणारा हा एकच शहाणा, असं बंडूचं मत झालं होतं. बंडूचं मत चहाबरोबर बदलत असे, हा भाग वेगळा.

"मॅडम, गेनूला मी समजावतोय," धनाजी कप भरत म्हणाला. "पण लोक पेटलेत. पुरावा एवढा स्वच्छ आहे म्हटल्यावर त्यांना तरी काय सांगायचं?"

"कातळावर शोधा, असं कुणी सुचवलं?"

"मी. आवाज तिकडून आला. मी घरामागं व्यायाम करत होतो. आम्ही सगळेच धावलो. पुंगळी गेनूला दिसली."

"रोहिदास म्हणतो, त्याच्या रिकाम्या पुंगळ्या तात्यांकडं असतात."

धनाजी हसला. समजूत घातल्यासारखं हसला. "तात्यांच्या यंत्रातून गेलेली पुंगळी नाही ही. टिकली अजून बुडात आहे, बघा ना. तात्यांच्या हाताखालून गेली असती तर टिकली राहिलीच नसती. बंदुकीतून पडली तशीच्या तशी आहे."

नूतननं मान डोलावून चहा घेतला. यंत्राचं नाव तिनं काढलंच नव्हतं.

३

सावळाराम तात्याचं घर ओढ्यापलीकडं. पडवीत टेबलाला पोलादी यंत्र पक्कं केलेलं, त्याला लांब दांडा. भिंतीवर साचे एका ओळीत टांगलेले. तात्या सत्तरीचा, मिशा पांढऱ्या, पाठ अजून ताठ. पोलीस आले म्हणून तो उठला नाही.

"तात्या, गावातली बायामाणसं जळायची आहेत. यंत्र चालवून दाखवा."

"ह्याचा त्याचा काय संबंध?"

"ते मी ठरवीन. का तुम्हाला नीट येत नाही?"

हे मात्र लागलं. तात्या उठला.

"नीट येत न्हाई? बगा मग. बार उडाला की पितळ फुगतं. कपडा जसा ज्याच्या मापानं शिवला त्याच्याच अंगावर बसतो, तशी पुंगळी ज्या बंदुकीत फुगली तिच्या पोटाच्या मापाची व्हते. तिला पुन्यांदा भरायची तर साच्यातनं दाबून काढावी लागती. आता धनाजीच्या बंदुकीचं पोट जरा ऐसपैस. त्याच्या पुंगळ्यांची म्या फकस्त मान दाबतो, गोळी धरंल एवढीच. पोटाला हात लावत न्हाई. पोट बंदुकीला गच्च बसतं, नेम हालत न्हाई. म्हनून पदकं मिळत्यात त्याला."

"आणि रोहिदासच्या?"

"त्याची बंदूक जुनी, पोट आखूड. डुक्कर अंगावर आल्यावर काडतूस अडकलं तर डुक्कर त्याला फाडंल. म्हनून सगळी पुंगळी दाबतो, अख्खी. लई जोर लागतो. ओशट काय तरी चोपडल्याबिगर साच्यात अडकून बसती."

"कच्ची लोकर," नूतन म्हणाली.

तात्यानं तिच्याकडं टक लावून बघितलं. टेबलाखाली मेंढीच्या लोकरीचा गोळा होता आणि पडवीभर तोच वास होता.

"मी करून बघू?" परवानगीची वाट न पाहता तिनं धनाजीच्या डब्यातली झाडलेली पुंगळी उचलून यंत्रात ठेवली आणि दांडा ओढला. खट् आवाज झाला. बुडातली जळकी टिकली उडून खालच्या वाटीत पडली.

"परदेशी पुंगळी," तात्या पुटपुटला. "तिच्या बुडाला मधोमध भोक असतं. साच्यातली सुई टिकली ढकलून देती."

मग तिनं तात्याला साचा बदलायला लावला आणि दुसऱ्या डब्यातली एक देशी पुंगळी घेतली. लोकर चोळली, दांडा ओढला. दोन्ही हात लावावे लागले. पुंगळी बाहेर आली तेव्हा टिकली बुडात तशीच होती.

"हिची टिकली निघत नाही?"

"देशी पुंगळीच्या बुडाची घडन निराळी. सुई चालत न्हाई, साच्यातनं काडून ठेवावी लागती. टिकली मागनं हातानं उकरून काढायची."

टेबलाच्या टोकाला लाकडी फळी होती. भोकाभोकात पुंगळ्या उभ्या, दाबून झालेल्या, ओशट चमकणाऱ्या. फळीला काळ्या लोकरीचा धागा बांधला होता.

"ही फळी रोहिदासची?"

"व्हय. काल तिन्हीसांजंला दाबल्या. आज टिकल्या काढनार व्हतो."

बोलताना तात्यानं फळीच्या कडेवर तळहात ठेवला होता. नूतननं त्याचं मनगट धरून हात बाजूला केला. खालचं भोक रिकामं होतं. आणि आणखी एक गोष्ट तिच्या नजरेला खुपली. एवढ्या सगळ्या टिकल्यांमध्ये एका पुंगळीच्या बुडात टिकली नव्हतीच, मधोमध भोक होतं.

"काल दाबून झाल्यावर इथं कोण आलं होतं?"

"गेनू आला, सोमनाथची बंदूक दुरुस्तीला व्हती ती न्यायला. आन् धनाजी. तो तर रोजच येतो." तात्याचा आवाज पडला होता. "पोरासारखा हाय तो मला. म्याच शिकवलाय."

खालून हलगी वाजू लागली. सोमनाथला उचललं होतं. नूतननं टेबलावरची एक सुटी शिशाची गोळी खिशात टाकली, फळी काखेत मारली आणि तात्याला म्हणाली, "चला. चालत येता का ओढत नेऊ?"

४

ओढ्याकाठी चिता रचली होती. गेनू भावाच्या तोंडात पाणी घालत होता. गळ्याच्या भोकातून ते बाहेर येत होतं. बघणाऱ्या बायकांनी तोंडं फिरवली, गेनूनं फिरवली नाही. नूतननं त्याला हाताला धरून बाजूला घेतलं.

"सोमनाथ आज देवळात का गेला होता?"

"देवीपुडं खरं बोलायला." गेनूचे डोळे भरले. "गेलं वरीसभर त्याला झोप न्हवती. परवा घरात म्हनला, वाघजाईपुडं नारळ फोडून कोंडाबाईचं सगळं सांगून टाकतो, मंग काय व्हायचं ते व्हवो. गुन्हा कबूल कराय निघाला व्हता माजा भाऊ. तेवडा बी दम धरला न्हाई त्या रोह्यानं!"

"हे रोहिदासला माहीत होतं?"

"त्याला कोन सांगनार? घरातली गोष्ट. म्या आन् धनाजी, दोगंच व्हतो."

"हाकाऱ्याच्या दिवशी सोमनाथच्या शेजारी कोण उभं होतं?"

गेनूची नजर गर्दीत कुणाला तरी शोधू लागली. पण विचार करायची त्याची तयारी नव्हती. भाऊ चितेवर असताना कुणाची असते? त्यानं हात सोडवून घेतला, चूड उचलली आणि चिता पेटवली. लाकडं तडतडली तशी माणसं कोयते घेऊन उठली. कुणीतरी रॉकेलचे डबे पुढं सरकवले. वर धनगरवाड्यातून मेंढरांचं ओरडणं आणि बायकांच्या हाका ऐकू येत होत्या. पळून जायला मागं सरळ कडा होता.

"बंडू," नूतन म्हणाली, "रोहिदासची रायफल आणि त्याच्या घरातलं एक काडतूस आण. देवळापुढं वाट अडवायची आहे."

"मॅडम, आपण चौघं."

"मोजता येतं मला. पळ."

५

देवळाजवळ वाट अरुंद होती. जमाव चढून आला तेव्हा नूतन मधोमध उभी होती आणि तिच्या हातात रोहिदासची रायफल होती. पहिला धोंडा तिच्या कपाळाला लागला. रक्त भुवईवर उतरलं. तिनं ते पुसलं नाही. काडतूस भरलं आणि हवेत झाडलं. आवाजासरशी पुढची माणसं खाली बसली.

"गेनू, पुढं ये. एकटा. तुझ्या भावाला कुणी मारलं ते दाखवते. मग वाट मोकळी."

गेनू आला. तिनं काडतूस आत सरकवायचा मागचा खटका ओढून ताजी पुंगळी बाहेर काढली, गरम होती तरी त्याच्या हातात दिली, आणि खिशातली शिशाची गोळी काढली. "हिच्यातून आत्ता गोळी गेली. ही सुटी गोळी हिच्या तोंडात टाक."

गेनूनं टाकली. गोळी सरकन आत गेली आणि खुळखुळली.

"बार होताना तोंड फुगतं, म्हणून जाते. आता ही कातळावरची पुंगळी घे, सकाळी तूच मला दिलेली. तीच गोळी तिच्यात टाक."

गेनूनं गोळी तोंडावर ठेवली. गेली नाही. अंगठ्यानं दाबली. तरी गेली नाही. त्यानं दातओठ खाऊन दाबली, गोळी घसरून धुळीत पडली. मागची माणसं माना उंच करून बघू लागली.

"जिच्या तोंडात गोळी शिरत नाही, तिच्यातून सकाळी गोळी सुटेल कशी?" नूतनचा आवाज चढला. "ही पुंगळी रोहिदासनं कधीतरी डुकरावर झाडलेली. काल तिन्हीसांजेला तात्यांनी लोकर चोळून साच्यात दाबली. तोंड आवळलं. मेंढीचा वास रोहिदासच्या हाताचा नाही, तात्यांच्या टेबलाचा आहे. रात्रीतून तिथून उचलली आणि सकाळी कातळावर ठेवली. बंदूक दुसरीच होती."

गेनूनं धुळीतली गोळी उचलून पुन्हा एकदा लावून बघितली.

"तात्याकडं काल म्या बी गेलतो," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मंग म्याच मारला म्हनता?"

"तात्यांकडच्या पुंगळ्यांपैकी रोहिदासच्या कुठल्या, तुला ओळखता आल्या असत्या? टिकलीवरच्या खुणेवरून बंदूक कळते, हे आज तात्यांनी सांगेपर्यंत तुला माहीत होतं?"

"न्हाई."

"तात्यांना माहीत होतं. पण तात्यांनी दाबलेली पुंगळी ठेवली नसती. त्यांना वासानंच कळतं. ठेवणाऱ्याला खुणा ओळखता येत होत्या, पण देशी पुंगळी साच्यातून कशी बाहेर येते हे त्यानं कधी बघितलं नव्हतं. त्याच्या स्वतःच्या परदेशी पुंगळ्या. दांडा ओढला की टिकली खाली. म्हणून टिकली बुडात दिसली आणि त्याला वाटलं, हिला अजून यंत्र लागलेलं नाही. तसं तो मला चहा देताना म्हणालाही. मी विचारलं नसताना."

सगळ्यांच्या माना धनाजीकडं वळल्या. तो बंडूच्या शेजारी उभा होता. चेहरा अजून हसराच होता.

"सोमनाथ कबुली द्यायला निघाला नव्हता गेनू. साक्ष द्यायला निघाला होता, आणि ते घरात धनाजीनं ऐकलं होतं. कोंडाबाईला लागलेली गोळी त्याच्या शेजारी उभ्या असलेल्याची होती."

पुढचं सगळं एका श्वासात घडलं. नूतननं रायफल बंडूच्या हातात दिली होती, खटका उघडा ठेवून. धनाजीनं ती हिसकली आणि दस्ता बंडूच्या तोंडावर हाणला. दात तुटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. बंडू रक्त ओकत खाली बसला. धनाजीनं जाकिटाच्या खिशातून स्वतःचं काडतूस काढलं, माप एकच, रायफलीत कोंबलं, नळी नूतनच्या छातीवर रोखली आणि खटका पुढं ढकलला.

खटका बसेना.

त्यानं तळव्यानं ठोकला, पुन्हा ठोकला. काडतूस अर्ध्यात अडकलं होतं. ऐसपैस पोटाच्या बंदुकीत फुगलेली पुंगळी, फक्त मान दाबलेली. रोहिदासच्या आखूड पोटाच्या बंदुकीत ती जाणार कशी? ज्या कसबानं त्याला पदकं दिली त्याचाच त्याला त्या घडीला विसर पडला. त्यानं तिसऱ्यांदा ठोकायला हात उचलला आणि गेनूचा कोयता त्या हातावर उतरला.

धनाजी किंचाळला. पंजा कातडीला लोंबत होता. जमावातून ओरडा उठला आणि रोहिदासच्या वाड्यासाठी आणलेलं रॉकेल धनाजीच्या अंगावर पडलं. कुणीतरी काडी ओढली. नूतननं त्याच्यावर झेप घेतली आणि त्याला अंगाखाली घेतलं. रॉकेल तिच्या कपाळाच्या जखमेत गेलं, लाथा तिच्या बरगड्यांत बसल्या, एक बरगडी आत मोडल्याचं तिला स्पष्ट कळलं.

"पेटवा!" ती ओरडली. "मला पेटवा आधी! सकाळी निर्दोष माणसाचा हात ठेचलात, आता पोलीस जाळा!"

काडी विझली. गेनूच्या हातातून कोयता गळाला. तो तिथंच धुळीत बसून भावाच्या नावानं मोठ्यानं रडू लागला. त्याच्या रडण्याच्या आवाजात बाकीचे एकेक करून मागं सरले.

६

कुमक आली तेव्हा धनाजीला बेड्या घालायला एकच मनगट शिल्लक होतं. जीप त्याला आणि बंडूला घेऊन भोरकडं गेली. रुग्णवाहिकेची वाट बघत रोहिदास आंब्याखाली बसला होता, सकाळी बांधला होता त्याच बुंध्याला टेकून. गेनू समोर येऊन उभा राहिला, काहीतरी बोलणार होता. रोहिदासनं मान फिरवली. गेनू तसाच उभा राहिला.

नूतननं बरगडीवर हात दाबून धरत फळी पुढं ठेवली. बुडाला भोक असलेली ती एक पुंगळी तिनं उपसली.

"तात्या, रोहिदासच्या सगळ्या देशी. ही एकच परदेशी. ही कुणाची?"

सावळाराम तात्या दीपमाळेच्या कठड्यावर बसला होता. सकाळची ताठ पाठ आता वाकली होती.

"हाकाऱ्याच्या दिवशी गवतात घावली," तो म्हणाला. "कोंडाबाई पडली व्हती तिथनं वरच्या अंगाला. गरम व्हती. हातात घेतल्या घेतल्या पोटावरनं कळलं, धनाजीची. असं पोट दुसऱ्या कुटल्याच बंदुकीचं न्हाई. पोराची पदकं, त्याचं नाव, समदं डोळ्यापुडं आलं. रात्री साच्यात घातली आन् अख्खी दाबली. टिकली गेली, पोट गेलं. मंग ती कुनाचीच ऱ्हायली न्हाई."

"आणि सकाळी? गेनूनं नाकासमोर धरली तेव्हा वास आला असेल."

"आला."

"तरी गप्प बसलात. माणसाचा हात ठेचताना बघत बसलात."

नूतनला त्याच्या त्या पांढऱ्या मिशा धरून त्याला फरफटवावंसं वाटलं, इतका राग तिला आला. तिनं स्वतःला आवरलं.

"तात्या," रोहिदास हळू बोलला. "ती माज्या डब्यात कशी?"

"टाकवंना. पितळ चांगलं व्हतं. तुज्या डब्यात मिसळली."

"म्हंजी म्या ती भरून झाडली?"

"दोन येळंला. दर येळी ती तेवडी सुई लावून दाबली."

रोहिदास आपल्या गुंडाळलेल्या हाताकडं बघत राहिला. रत्ना मात्र उठली. तिनं नूतनच्या हातातून पुंगळी घेतली आणि तात्यासमोर जाऊन उभी राहिली.

"अख्खी दाबली म्हनता. लोकर चोळल्याबिगर अडकती ना?"

"व्हय."

"मंग त्या रात्री लोकर कुनाची चोळली?"

तात्या कठड्यावर मागं सरकला.

"हाकाऱ्याच्या आदल्या दिशी आत्याबाईंनी काळ्या मेंढीची आनून दिली व्हती," रत्ना म्हणाली. "तात्यांना मऊ लागती म्हनून येगळी कातरली व्हती त्यांनी. म्या टोपलीत भरून दिली."

तात्यानं दोन्ही हातांत तोंड लपवलं.

रत्नानं पुंगळी नाकाशी धरून वास घेतला आणि ती नूतनला परत दिली. "न्या," ती म्हणाली. "आन् ह्या बारीला कागदावर नाव घाला." मग ती रोहिदासला उठवायला वाकली. वाटेवर रुग्णवाहिका येऊन उभी राहिली होती.